मधुमेह आणि पायांच्या भेगा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

थंडी पडू लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत टाचांच्या भेगांचा विषय हमखास असतो. या वेळची बहुतेक पत्रे मधुमेह असलेल्या वाचकांची किंवा त्यांच्या घरच्यांची आहेत आणि त्यांतील काही पत्रांत सांगितलेले घरगुती उपाय वाचून चिंता वाटली, म्हणून या महिन्याचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे आणि त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. दोन्ही टाचांना खोल भेगा पडल्या आहेत, पायांची कातडी पांढुरकी आणि खरखरीत झाली आहे. त्या म्हणतात, "महूकडच्या शेतात अनवाणी राबले तेव्हा कधी भेगा पडल्या नाहीत आणि आता घरात बसून पडतात. पण दुखत नाहीत ना, मग राहू दे." असे का होत असावे? (एक भगिनी, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : आपल्या सासूबाईंचे पहिले निरीक्षण अगदी बरोबर आहे, काळजी वाटते ती त्यांच्या दुसऱ्या वाक्याची.

अंगावरच्या इतर बहुतेक त्वचेला घामाबरोबरच तेलग्रंथींचा स्निग्धपणाही मिळत असतो. तळपायाला मात्र तेलग्रंथी मुळीच नसतात, त्यामुळे तिथल्या त्वचेचा मऊपणा प्रामुख्याने घामावरच अवलंबून असतो. घाम सोडण्याचा संदेश ज्या अतिशय बारीक मज्जातंतूंतून पायापर्यंत पोहोचतो, ते तंतू वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेमुळे निकामी होऊ लागतात, आणि शरीरातले सर्वांत लांब तंतू पायाकडे जाणारे असल्यामुळे ही हानी बहुधा पायाच्या बोटांपासून सुरू होऊन वर सरकते. घाम थांबला की टाचेची मुळातच जाड असलेली कातडी लवचीकपणा गमावते. त्यानंतर अंगाचे वजन पडून टाचेची गादी बाजूंना पसरली की ती कातडी वैशाखातल्या माळव्याच्या काळ्या जमिनीसारखी तडकते. काही मधुमेहींना चेहऱ्यावर आणि छातीवर पूर्वीपेक्षा जास्त घाम येतो आणि पाय मात्र कोरडे ठणठणीत राहतात. सासूबाईंना असे होते का, ते अवश्य विचारावे. शेतात राबणाऱ्या त्या वेळच्या पायांना घाम येत होता आणि आताच्या पायांना तो येत नाही, एवढाच हा फरक असण्याची शक्यता मोठी आहे.

आता "दुखत नाहीत" याविषयी. घामाचे तंतू बिघडतात त्याच काळात स्पर्श, उष्णता आणि वेदना कळवणारे तंतूही अनेकदा बिघडत असतात. खोल भेग पडूनही ती दुखत नसेल, तर त्याचा अर्थ भेग किरकोळ आहे असा नसून ती कळवणारी यंत्रणा मंदावली आहे असा होऊ शकतो. अशा पायात रक्ताची वाटचालही बदलते आणि पाय हाताला चांगला उबदार लागतो, त्यामुळे घरच्यांना तो निरोगी वाटतो. भेगेतून जंतू आत शिरले आणि वेदना नसल्याने ते कोणाच्या लक्षात आले नाही, की वाढलेली साखर आणि कमी झालेला रक्तपुरवठा पुढचे काम करतात. जगभरच्या अभ्यासांवरून असा अंदाज आहे की मधुमेह असलेल्या माणसांपैकी सुमारे पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी पायाची जखम होते. या जखमांची सुरुवात पुष्कळदा अशाच क्षुल्लक दिसणाऱ्या जागी होते.

हिवाळ्यातली आपल्याकडची कोरडी हवा आणि पहाटेची थंडी यांची त्यात भर पडते. घरात बोरिंगचे जड पाणी असेल, तर साबण नीट धुतला जात नाही आणि कातडी आणखी रूक्ष होते. नर्मदेचे पाणी येते त्या दिवशी पाय त्या पाण्याने धुतले, तर फरक जाणवू शकतो. याखेरीज थायरॉईडची कमतरता आणि मूत्रपिंडाचे आजार यांतही त्वचा कोरडी पडते, आणि मेटफॉर्मिनची गोळी बराच काळ चालू असल्यास जीवनसत्त्व बी-12 कमी होऊन बधिरपणात भर पडू शकते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना या तपासण्यांविषयी विचारावे, आणि त्यांना पाय उघडे करून दाखवावेत. साखरेचा अहवाल दाखवून, पायांतले मोजे न काढताच घरी परतणारे रुग्ण थोडे नाहीत.

प्रश्न : औषधाच्या दुकानात भेगांसाठी इतकी मलमे दाखवतात की गोंधळ उडतो. युरिया असलेले महागडे क्रीम घ्यावे, की आपले व्हॅसलीन आणि खोबरेल तेल पुरते? (निवृत्त बँक कर्मचारी, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : नाव आणि किंमत यांपेक्षा मलम किती आणि कसे लावले जाते, याला अधिक महत्त्व आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेट्रोलियम जेली, कोकम तेल आणि खोबरेल तेल हे कातडीतले पाणी उडून जाण्यापासून अडवतात; नुसत्या कोरड्या कातडीसाठी ते पुरतात आणि स्वस्तही आहेत. मात्र ते ओलावा राखतात, निर्माण करीत नाहीत, म्हणून पाय धुऊन हलके टिपल्यावर कातडी किंचित ओलसर असतानाच लावले तर त्यांचा उपयोग होतो. सकाळी धुतलेल्या पायांना दुपारी तेल लावणे म्हणजे कोरडेपणावरच थर चढवणे होय. युरिया दोन्ही कामे करतो : तो पाणी धरून ठेवतो आणि जाड झालेली मृत कातडी सैल करतो. साधारण कोरडेपणाला 10 टक्के युरियाचे क्रीम चालते, टाच बरीच जाड झाली असल्यास 20 ते 25 टक्क्यांचे डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरावे. 40 टक्क्यांची मलमे नखे आणि कातडी विरघळवण्यासाठी असतात. बधिर पायावर ती स्वतःच्या मनाने लावू नयेत. सुगंधी, रंगीत आणि "थंडावा देणारी" मलमे मधुमेहींनी टाळलेलीच बरी.

मात्रेचा हिशेबही सांगतो, कारण बहुतेक जण इथेच कमी पडतात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ साधारण अर्ध्या ग्रॅमची असते आणि एका पायाला, वरून व खालून मिळून, अशा दोन रेघा लागतात. दोन्ही पायांना दिवसातून दोनदा लावायचे म्हटले, तर रोज 4 ग्रॅम, म्हणजे महिन्याला सुमारे 120 ग्रॅम क्रीम खर्ची पडते. 30 ग्रॅमची ट्यूब ज्यांना दोन महिने पुरते, त्यांनी मलमाला दोष देऊ नये. म्हणूनच, जे नियमित आणि हात न आखडता वापरणे परवडेल, तेच मलम आपल्यासाठी योग्य असे समजावे.

लावताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे : बोटांच्या बेचक्यांत क्रीम किंवा तेल मुळीच लावू नये. तिथे ओल साचली की चिखल्या होतात आणि बेचक्यातली कातडी फाटून जंतूंना दुसरे दार उघडते. तिथे मऊ कापडाने कोरडे पुसणे एवढेच पुरेसे असते. भेगेतून रक्त किंवा पाणी येत असेल, तर त्या जागी युरियाचे क्रीम लावू नये. ती जागा स्वच्छ पट्टीने झाकून डॉक्टरांना दाखवावी. मलम लावून लगेच फरशीवर चालल्यास घसरण्याचा धोका असतो, म्हणून वर सैल सुती मोजे घालावेत, ज्यांचे रबर पोटरीला काचणार नाही. मोजे पांढरे असावेत असे मी मुद्दाम सुचवतो, कारण त्यावर रक्ताचा किंवा पुवाचा डाग लगेच नजरेस पडतो.

प्रश्न : आमची आई भेगांत गरम बिबवा भरायची आणि दोन दिवसांत टाच बरी व्हायची. मी स्वतः रोज रात्री गरम पाण्यात मीठ घालून अर्धा तास पाय बुडवतो आणि मग वज्रीने घासतो. मोठी भेग चिकटवण्यासाठी घरातला झटपट चिकटणारा डिंक वापरावा असेही एकाने सांगितले. मला मधुमेह आहे. यांपैकी काय चालू ठेवावे? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : विनम्रपणे, पण ठामपणे सांगतो : यांपैकी काहीही नाही.

बिबव्याचे तेल दाहक असते आणि धडधाकट माणसाच्या कातडीवरही ते फोड आणते. आपल्या आईंना चटका बसला तर त्या हात मागे घेऊ शकत होत्या. बधिर टाचेला तो चटका कळणारच नाही. चिकटवण्याचा घरगुती डिंक भेगेच्या तोंडाशी घट्ट बसतो आणि आत राहिलेले जंतू व घाण तिथेच कोंडतो. वितळलेले मेण भेगेत सोडण्याचा प्रकारही याच कारणाने वर्ज्य समजावा.

गरम पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण ही सवय घरोघरी आहे आणि ती निरुपद्रवी समजली जाते. पाण्यात पाय बराच वेळ बुडवून ठेवले की कातडीतला उरलासुरला ओलावा धरून ठेवणारे घटक धुऊन जातात आणि पाय बाहेर काढल्यावर कातडी आधीपेक्षा अधिक कोरडी होते. मीठ त्यात भरच घालते. शिवाय बधिर पायाला पाण्याची उष्णता कळत नाही आणि हिवाळ्यात गीझरच्या पाण्याने किंवा शेकण्याच्या पिशवीने पाय पोळलेले मधुमेही रुग्ण दरसाल दिसतात. पाणी कोमटच असावे, 37 अंश सेल्सिअसच्या वर नसावे, आणि ते पायाने नव्हे तर कोपराने तपासावे. दीर्घकालीन मधुमेहात हाताच्या बोटांचीही संवेदना कमी झालेली असू शकते. सौम्य साबणाने पाच मिनिटांत पाय धुऊन घ्यावेत आणि टिपावेत. ज्यांना रात्री पाय गार पडल्याचा त्रास होतो, त्यांनी शेगडीजवळ पाय धरण्याऐवजी मोजे घालावेत.

वज्री, ब्लेड, कानशीस आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कुरूपाच्या पट्ट्या या सर्वांपासून दूर राहावे. त्या पट्ट्यांत सॅलिसिलिक आम्ल असते. ते कुरूप आणि चांगली कातडी यांत भेद करीत नाही. ज्या मधुमेहींची संवेदना आणि रक्तपुरवठा दोन्ही चांगले असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे, त्यांनी आंघोळीनंतर मऊ झालेल्या टाचेवर बारीक दगड अगदी हलक्या हाताने फिरवण्यास हरकत नाही. घट्टा जाड झाला असेल, तर तो प्रशिक्षित माणसाकडूनच कमी करून घ्यावा. घट्ट्याखाली काळपट किंवा लालसर डाग दिसत असेल, तर आत जखम झाल्याची ती खूण समजून डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

प्रश्न : तळपायांची आग होते, म्हणून काश्याच्या वाटीने तूप चोळून घेते. मधुमेहात हे चालेल का? (एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर)

उत्तर : कातडी कुठेही फाटलेली नसेल, तूप गरम केलेले नसेल आणि हात हलका असेल, तर चालेल, तुपाने कातडी मऊ होते आणि चोळणाऱ्याची नजर पायावर फिरते, हा दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो. वाटीखाली येणारा काळेपणा हा अंगातली उष्णता नसून धातू आणि तूप यांच्या संपर्कातून येतो, म्हणून तो काळा होईपर्यंत जोर करण्याचे कारण नाही. चोळून झाल्यावर बेचक्यांतले तूप पुसून घ्यावे. मात्र मधुमेहात तळपायांची आग किंवा मुंग्या हे मज्जातंतूंच्या बिघाडाचे लक्षण असू शकते आणि त्यासाठी वेगळी औषधे आहेत, हे डॉक्टरांशी बोलावे.

प्रश्न : माझ्या एकाच पायाच्या तळव्याची साल निघते आणि पांढरा कोंडा दिसतो. क्रीम लावूनही जात नाही. (एक वाचक, तिलक नगर, इंदूर)

उत्तर : कोरडेपणा सहसा दोन्ही पायांना होतो. एकाच पायाला, कडेपर्यंत पसरलेला बारीक कोंडा असेल, नखे जाड व पिवळी होत असतील, तर बुरशीचा संसर्ग असण्याची शक्यता मोठी असते. त्वचारोगतज्ज्ञ कोंड्याचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते ठरवू शकतात. दुकानदाराने दिलेले स्टेरॉईडमिश्रित मलम लावू नये. त्याने खाज थांबते आणि बुरशी वाढत राहते.

प्रश्न : यंदा नर्मदा परिक्रमेला जाण्याचा संकल्प केला आहे. वय 61, मधुमेह आहे, बोटांच्या टोकांना थोडा बधिरपणा जाणवतो. अनवाणी चालण्याची इच्छा आहे. पायांची काय तयारी करावी? (एक वाचक, अन्नपूर्णा मार्ग, इंदूर)

उत्तर : आपल्या श्रद्धेबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो की बधिर पायांनी अनवाणी चालणे हे आपल्यासाठी योग्य नाही. चातुर्मासानंतर ओंकारेश्वरहून निघणारे पुष्कळ परिक्रमावासी कापडी बूट घालून चालतात आणि त्यांच्या परिक्रमेत काही उणे पडत नाही. नर्मदामाईला लेकरांचे पाय रक्ताळलेले हवे असतील, असे मला तरी वाटत नाही.

वेदना गेली की पायाचे काय होते, हे आपल्या देशातच शिकले गेले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये 1946 साली रुजू झालेले आणि पुढे तिथे कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की रुग्णांची बोटे प्रत्यक्ष रोगाने झडत नसून, वेदना न कळल्यामुळे त्याच जागी पुन्हा पुन्हा होणाऱ्या इजांनी नष्ट होतात. पुढे ते अमेरिकेत कार्व्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात काम करताना हाच विचार मधुमेहींच्या पायांना लागू पडला. कुष्ठरुग्णांसाठी वापरल्या जाणाऱ्या मऊ, सूक्ष्मरंध्री रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या, चपला आज मधुमेहींनाही दिल्या जातात त्या यामुळेच. रोजच्या वापरासाठी तशी चप्पल घ्यावी, परंतु तिला मागे पट्टा हवा; बधिर पायातून चप्पल निसटल्याचे कळत नाही. कोल्हापुरीचा कडक तळ आणि अंगठ्यात अडकणारी कडी, दोन्ही अशा पायांना नकोत.

परिक्रमेला निघण्यापूर्वी पायांची संपूर्ण तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांनी धोका अधिक असल्याचे सांगितले, तर वाहनाने परिक्रमा करावी. पायी जाण्याची संमती मिळाल्यास बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटीमीटर जागा राहिली पाहिजे. नवे बूट निदान काही आठवडे घरी आणि फेरफटक्यात वापरून मगच प्रवासाला न्यावेत. टाचेत उघडी भेग असताना निघू नये. वाटेत प्रत्येक वेळी बूट घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकावेत, आत हात फिरवून खडा नसल्याची खात्री करावी, आणि दुपारच्या व रात्रीच्या मुक्कामी मोजे काढून पाय पाहावेत. घाटावर आणि मंदिरांत वहाणा काढाव्या लागतातच. तिथे जाड मोजे घालून सकाळी लवकर जावे. उन्हाळ्यात आपल्या खजराण्याच्या गणपतीच्या दर्शनालाही हेच लागू आहे, कारण दुपारी तापलेल्या फरशीवर पाय पोळल्याचे बधिर पायाला फोड आल्यावरच समजते.

प्रश्न : मी एकटीच राहते, मुलगा पुण्याला असतो. वाकून तळपाय पाहता येत नाहीत. पाय कसे तपासावेत, आणि मुलाला फोनवर फोटो पाठवून चालेल का? (एक भगिनी, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : जमिनीवर साधा आरसा ठेवून खुर्चीवर बसावे आणि पाय त्यावर धरून पाहावा; नजर कमी असेल, तर कामाला येणाऱ्या बाईंना किंवा शेजारणीला आठवड्यातून काही वेळा पाहायला सांगावे. रोजची वेळ ठरलेली असावी, आणि टाच, बोटांची टोके, बेचकी व नखांच्या कडा एवढ्या जागा सुटू नयेत.

कोणी सोबत असेल, तर स्पर्शाची एक सोपी चाचणी घरी करता येते. इंग्लंडमधील इप्स्विच येथील डॉक्टरांनी ती रूढ केली. डोळे मिटून बसावे आणि दुसऱ्या व्यक्तीने आपल्या तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करावा. दाबू नये, टिचकी मारू नये. स्पर्श जाणवताच "उजवा" किंवा "डावा" असे म्हणावे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी तो कळला नाही, तर संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. तिथे ते 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा आणि 128 हर्ट्झचा कंपनकाटा वापरून संवेदना पाहतात आणि पावलावरच्या व घोट्यामागच्या नाडीवरून रक्तपुरवठ्याचा अंदाज घेतात. ही तपासणी प्रत्येक मधुमेहीची वर्षातून एकदा तरी व्हावी. बधिरपणा किंवा पूर्वीची जखम असल्यास डॉक्टर सांगतील तितक्या लवकर, कधी दर एक ते तीन महिन्यांनीही. एम.वाय. रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातही त्याविषयी विचारता येईल.

फोटो अवश्य काढावेत, एकाच उजेडात आणि एकाच अंतरावरून, म्हणजे मागच्या आठवड्याशी तुलना करता येते. परंतु पाय गरम झाला आहे, वास येतो आहे किंवा नाडी लागत नाही, हे फोटोत दिसत नाही. भेगेभोवती लाली, सूज, उष्णता, पू किंवा दुर्गंधी जाणवली, एखादी जागा काळी पडली, ताप आला किंवा साखर अकारण वाढली, तर मुलाच्या उत्तराची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे, आणि त्या पायावर भार न देता, जवळ असले तरी चालत न जाता, रिक्षाने जावे.